खेथानीला आणायला

डर्बनपासून दूर, क्वान्दलेला वस्तीत कुणाचं माणूस हरवलं, की लोक आधी देवाचं नाव घेत आणि लगोलग फौजदार झुंगूचं. मेलेलं माणूस शोधून काढण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या जिल्ह्यात कुणी नव्हता. कुणी नदीच्या लव्हाळ्यात अडकलेला असे, कुणाला उसाच्या फडात टाकून दिलेलं असे, कुणाला बंद पडलेल्या वीटभट्टीमागे पुरलेलं असे. फालाखे झुंगू तिथे जायचा, हात मागे बांधून अर्धा तास हिंडायचा आणि बोट दाखवून म्हणायचा, "इथं खणा." बहुतेक वेळा तिथेच सापडायचं. लोक म्हणायचे, याच्या कानात पितर बोलतात. त्याच्या कानात कुणी काही बोलत नव्हतं. उकरून पुन्हा बुजवलेली जमीन कशी खचते, तिच्यावर गवत कसं वेगळ्या रंगाचं येतं, हे त्याला पक्कं माहीत होतं. ते त्याला कुठे शिकायला मिळालं, हे विचारायचं मात्र तीस वर्षांत कुणाला सुचलं नाही.

तो गाडी चालवायचा नाही. कितीही घाई असो, बाजूच्या सीटवर बसायचा. ठाण्यातली पोरं चेष्टा करायची, "बाबांना मुडद्याची भीती नाही, गिअरची आहे." तोही हसायचा. "डोळे अधू झालेत रे," म्हणायचा, आणि त्याच अधू डोळ्यांनी चिखलातला बुटाचा ठसा दहा पावलांवरून ओळखायचा.

आणि दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी माखोझा यायची. गुरुवार हा बायकांच्या प्रार्थनेचा. चर्चमधून सुटली की ती प्रार्थनेच्या ठरलेल्या लाल झंपरात, तीच पांढरी टोपी डोक्यावर ठेवून थेट ठाण्यात यायची आणि दाराजवळच्या बाकावर बसायची. मांडीवर डबा, डब्यात उकडलेल्या अळकुड्या. झुंगू बाहेर आला की कुळाच्या मानाच्या नावाने हाक मारायची.

"काय मन्झिनी, आहे का काही?"

"अजून नाही, आई."

"बरं. खाऊन घे. गार झाल्या की चिकट लागतात."

इतकंच बोलणं. मग ती उठून जायची. झुंगू डबा आतल्या पोरांना देऊन टाकायचा. त्याच्या घशाखाली ती अळकुडी कधी उतरली नाही.

माखोझाचा मुलगा खेथानी दलादला. एकोणीस वर्षांचा होता. गोऱ्यांच्या राज्यात, एकोणीसशे सत्त्याऐंशी सालच्या ऑक्टोबरात, त्याला पोलिसांनी घरातून उचललं. शाळेचा सदरा इस्त्री करत होता. शाळेतल्या बंदचे कागद त्याने वाटले होते, एवढाच गुन्हा. चार दिवसांनी घरी निरोप आला की पोरगा बेड्यांसकट पुलावरून नदीत उडी मारून पळाला आणि वाहून गेला. प्रेत मिळालं नाही. हे वाचणारा गोरा न्यायाधीशही हसला असेल, पण त्याने सही केली.

आता, बाहेर मेलेला माणूस आपला आपण घरी येत नाही, हे इथे शेंबड्या पोरालाही कळतं. जिथे जीव गेला तिथेच त्याचा आत्मा ताटकळत राहतो. घरच्या कुणीतरी रानबोरीची काटेरी फांदी घेऊन त्या जागी जायचं, त्याला नावाने हाक मारायची, आणि फांदीवरून त्याला घरी आणायचं. टॅक्सीत त्याची वेगळी जागा धरायची. घरी आल्यावर गोल झोपडीच्या मागच्या भिंतीशी, जिथे पितर असतात, तिथे चटईवर फांदी ठेवायची. तेव्हा कुठे तो घरातला होतो. तोवर तो ना मेलेल्यांत, ना जित्यांत.

राज्य बदललं, पोलिसांचे गणवेश बदलले, झुंगूला गुन्हे तपास खात्यात बढती मिळाली. त्या साली, म्हणजे नव्व्याण्णवला, माखोझा पहिल्यांदा त्याच्याकडे आली. म्हणाली, "मला कुणाला तुरुंगात नाही घालायचंय, बाळा. मला फक्त जागा दाखव. तू जुन्या कागदांत बघ."

झुंगूला कागद बघायची गरज नव्हती. तो तिला पुलावर घेऊन गेला. कागदात पूलच होता, हे खरं. माखोझा कठड्याशी उभी राहून पाण्याशी बोलत होती तोवर हा गाडीत काच वर करून बसला. तिने फांदी घरी नेली, दलादलांनी बकरा कापला, आणि जागा दाखवली म्हणून झुंगूला मानाचा वाटा वाढला. त्याने तो खाल्ला. पुढे कितीही चांगलं काम केलं तरी ते मटण खाल्ल्याचं त्याला कधी विसरता आलं नाही.

त्यानंतर दलादलांच्या घराला काही सुख लागलं नाही. थोरल्या लेकीची दोन मुलं पाळण्यातच गेली. धाकट्या मुलाचं घर जळालं. शेवटी वैदूबाईला विचारलं, तर ती म्हणाली, "चटई रिकामी आहे. तुम्ही फांदी आणलीत, पोराला नाही आणलंत." तेव्हापासून माखोझाचे गुरुवार सुरू झाले.

कुणी म्हणेल, सांगून टाकायचं होतं त्याने. म्हणायला काय जातं. झुंगूने हजार वेळा स्वतःशी तसं म्हटलं होतं. पण घरात बायको होती, तीही गुरुवारी तोच लाल झंपर घालून चर्चमध्ये माखोझाच्या मागच्या बाकावर बसायची. दोन मुली शिकत होत्या. मग शिकल्या, मग लग्नं झाली. दरवर्षी सांगायला एक नवीन कारण आडवं यायचं आणि दर गुरुवारी म्हातारी थोडी अजून वाकलेली दिसायची.

तीन वर्षांपूर्वी सरकारने जुनी प्रकरणं पुन्हा उघडायला घेतली आणि खेथानीची फाइल नोक्वाझी म्भेले नावाच्या सार्जंटच्या टेबलावर आली. नोक्वाझी एकोणतीस वर्षांची, डर्बनची, बोलायला फटकळ आणि कामाला वाघ. साहेबांनी झुंगूला तिच्या मदतीला दिलं. त्याला जुनी माणसं ठाऊक, सहा महिन्यांत निवृत्त होणार, याहून बरा माणूस कुठला मिळणार? झुंगूने नाही म्हणायला हवं होतं. तो "ठीक आहे साहेब" म्हणाला. फाइलला किती माहीत आहे ते तरी कळेल, असा हिशेब होता.

फाइलला फारसं माहीत नव्हतं. खेथानीला नेणाऱ्या गाडीत तिघे होते. कॅप्टन लॉटर, एक गोरा सार्जंट जो केव्हाच मेला होता, आणि गाडी चालवणारा काळा शिपाई. त्याचं नाव कागदावर नुसतं 'फिलेमोन'. आडनाव नाही, नंबर नाही.

"हा फिलेमोन सापडला की गाडी कुठं गेली ते कळेल, बाबा," नोक्वाझी म्हणाली. "तुमच्या वेळचा असणार. आठवतो का कुणी?"

"फिलेमोन पैशाला पासरी होते तेव्हा," झुंगू म्हणाला.

आणि मग तीन आठवडे हा माणूस तिच्या शेजारी बसून फिलेमोनला शोधत फिरला. एक फिलेमोन दारू पिऊन मेलेला निघाला. दुसरा खाणीत पाय गमावून बसला होता, त्याला गाडीच चालवता येत नव्हती. तिसऱ्याच्या घरी चहा झाला, तो पोलिसात कधी नव्हताच. नोक्वाझी रोज नवी यादी करायची. झुंगू तिला घरी जेवायला न्यायचा. बायकोने तिला मक्याचं फुतू आणि आंबट दूध वाढलं, तेव्हा ती म्हणाली, "काकू, यांच्यासारखा माणूस बरोबर असला की काम होतंच." बायकोला बरं वाटलं. झुंगूने त्या रात्री दोन घासही खाल्ले नाहीत.

कॅप्टन लॉटर जिवंत होता. समुद्राकाठच्या एका वृद्धाश्रमात नाकात नळी घालून पडला होता. नोक्वाझीने पत्ता काढला तेव्हा झुंगू म्हणाला, "तू जाऊन ये, माझी कंबर धरलीय." ती म्हणाली, "मी चालवणार, तुम्ही बसणार. कंबरेला काय होतंय?" तो बसला. वाटेत त्याने दोनदा गाडी थांबवायला लावली आणि उसात जाऊन आला. ती म्हणाली, "शिळं काही खाल्लंत का?"

लॉटरच्या खोलीत सूर्य भरपूर येत होता. नोक्वाझीने स्वतःची ओळख सांगितली. म्हाताऱ्याने तिच्याकडे बघितलंही नाही. त्याची नजर तिच्या खांद्यावरून मागे गेली आणि चेहरा उजळला.

"अरे फिलेमोन! म्हातारा झालास की रे."

त्या काळी गोऱ्या साहेबांची जीभ आमच्या नावांना वळत नसे. नोकरीच्या पहिल्या दिवशीच ते बायबलमधलं एखादं नाव चिकटवून द्यायचे. फालाखेला हे मिळालं होतं.

नोक्वाझी वही उघडून बसली होती. "खेथानी दलादला," ती म्हणाली. तिने मागे वळून बघितलं नाही. "एकोणीस वर्षांचा. त्याला कुठे नेलं?"

"कुठलं पोरगं? खूप होती," लॉटर म्हणाला. "याला विचार ना. गाडी हाच चालवायचा. फार छान चालवायचा. हातातला कॉफीचा कप हिंदकळायचा नाही." मग झुंगूला म्हणाला, "अजून चालवतोस ना रे?"

झुंगू "नाही साहेब" म्हणाला. चौतीस वर्षांनी तोंडातून आपोआप 'साहेब' निघालं, आणि याची त्याला नंतर बाकी सगळ्याहून जास्त शरम वाटली.

परतताना नोक्वाझीने वीस मैल गाडी पळवली. दोन्हीकडे ऊस. मग तिने गाडी कडेला घेतली.

"बाबा, तीन आठवडे तुम्ही मला फिलेमोन दाखवत फिरवलंत."

"हो."

"मी तुमच्या घरी जेवले. माझ्या आईला फोनवर सांगितलं, इथं मला बापासारखं माणूस मिळालंय म्हणून."

तो खिडकीबाहेरच्या उसाकडे बघत राहिला.

"बोला आता. नाहीतर मी इथंच तुम्हाला बेड्या घालते आणि ठाण्यापर्यंत चालवत नेते. आईशप्पथ नेते."

तो बोलला. हे काही धाडस नव्हतं, तो नुसता दमला होता. त्याने सांगितलं की त्याचा बाप पाइनच्या जंगलात लाकूडतोड्या होता आणि घरात गाडीचा परवाना मिळवणारा हा पहिला. आईने तो परवाना भिंतीवर लावला होता. सहा आठवड्यांचं शिक्षण देऊन पोलिसांनी काळे शिपाई भरती केले, त्यात याला गाडी येते म्हणून लगेच घेतलं. महिन्याभरात लॉटरची व्हॅन याच्या हातात आली. खेथानीला उचललं त्याच्या चौथ्या दिवशी, भर दुपारी, त्याला डोंगराकडच्या पाइनच्या जंगलात नेलं. लॉटरने त्याला गाडीतून उतरवलं आणि मागून गोळी घातली. सार्जंटने फावडं झुंगूच्या हातात दिलं. त्याने खणलं. बावीस वर्षांचा होता.

"नाही म्हणाला असतात तर?" नोक्वाझीने विचारलं.

"तर दोन खड्डे झाले असते."

"आणि नंतर? नव्व्याण्णवला? तेव्हा कोण होतं तुमच्या डोक्यावर बंदूक धरून?"

 तिने गाडी सुरू केली आणि थेट ठाण्यात आणून त्याला साहेबांपुढे उभं केलं.

बाकीचं जसं व्हायचं तसंच झालं. त्याला निलंबित केलं, अटक केली, जामिनावर सोडलं. आरोपपत्र तयार होईतो लॉटर मेला. नर्सच्या हातून सूप पीत, गादीवर. खेथानी दलादलाच्या खुनात आता आरोपी एकच उरला, आणि तो काळा होता. झुंगूच्या बायकोने त्याच्याशी भांडण केलं नाही. ती एवढंच म्हणाली, "मी एकोणीस वर्षं त्या बाईच्या मागं बसून प्रार्थना केली. तुला एकदा तरी वाटायला हवं होतं." मग ती थोरल्या मुलीकडे राहायला गेली. मुलींनी फोन उचलायचं बंद केलं.

झुंगूला वाटत होतं, निदान एक गोष्ट अजून आपल्या हातात आहे. आपण जागा दाखवू. म्हातारी मरायच्या आत पोराला घेऊन जाईल. याच एका आशेवर तो जेवत होता, झोपत होता. म्हातारी शहाऐंशीची झाली होती आणि तिच्या छातीत पाणी झालं होतं.

त्याला पोलीस बंदोबस्तात जंगलात नेलं. तिथे उतरून त्याने सगळीकडे नजर फिरवली. त्याला आठवत होतं ते जंगल दोनदा तोडून पुन्हा लावलं होतं. रस्ता दुसरीकडून गेला होता. ओढा बुजवला होता. जिकडे बघावं तिकडे सारख्या अंतरावर, सारख्या उंचीची पाइनची झाडं, आणि खाली सुयांचा असा थर की गवताची काडी उगवत नव्हती. सगळ्या जिल्ह्याचे मुडदे शोधून देणारा माणूस तिथे आंधळ्यासारखा फिरला. पहिल्या दिवशी म्हणाला, "इथं." दुसऱ्या दिवशी म्हणाला, "नाही, वरच्या अंगाला." अकरा दिवस खणलं. चौदा खड्डे झाले. एका माकडाची हाडं निघाली आणि एक गंजलेली कुऱ्हाड. बाराव्या दिवशी सरकारने खणायचं यंत्र परत नेलं.

तेव्हा माखोझाने निरोप पाठवला, "हाडं नसली तर नसोत. डोंगर तरी तोच आहे ना? तो माझा आवाज ओळखेल. मला तिथं न्या, आणि त्या झुंगूलाही आणा."

एका सकाळी नोक्वाझी तिला घेऊन आली. माखोझाने लाल झंपर घातला होता, काखेत रानबोरीची हिरवी फांदी होती, तिच्या काट्यांनी बाही ओरबाडली होती. नोक्वाझीने बरोबरच्या पोलिसांना बजावलं, "आजींनी हाक मारून फांदी उचलली, की घरी पोचेतो त्या पोराशिवाय कुणाशी बोलणार नाहीत. त्यांच्याशी कुणी एक शब्द काढायचा नाही. तहान लागली का, हेही विचारायचं नाही."

माखोझा झुंगूपुढे येऊन उभी राहिली. त्याला वाटलं थुंकेल. थुंकली असती तर बरं झालं असतं.

"अळकुड्या कुणाला द्यायचास रे?"

"पोरांना, आई."

"हं. डबा नेहमी फार स्वच्छ घासलेला यायचा. खाणारा माणूस इतका घासत नाही." ती दम खात थांबली. "मी तुझ्याशी भांडायला नाही आले. माझ्याकडं तेवढा श्वास नाही. साधारण कुठं, ते सांग."

त्याने हाताने उताराची एक पट्टी दाखवली. ती झाडांच्या ओळीत शिरली. नोक्वाझी तिचा दंड धरून होती. झुंगू चार पावलं मागे. एका जागी ती थांबली, नोक्वाझीचा हात सोडवला, फांदी दोन्ही हातांनी जमिनीला टेकवली आणि त्याच्या नावाने, कुळाच्या मानाच्या नावाने हाक मारत बोलू लागली. आवाज एवढा मोकळा निघाला की मागचे पोलीस वळून बघू लागले.

"खेथानी. दलादलांच्या पोरा, म्गाबादेली. मी आहे, तुझी आई. उशीर झाला, मला चुकीच्या जागी नेलं होतं. आता आलेय. घाबरू नकोस बाळा, तुला घरी न्यायला आलेय. चल, घरी जाऊ."

मागे झुंगूच्या घशातून काहीतरी आवाज निघाला. जनावराचा निघतो तसा. तो गुडघ्यांवर बसला होता.

माखोझा वळली. "काय झालं?"

"काही नाही, आई."

"वीस वर्षं मला काही नाही, काही नाही म्हणालास. आता इथं नको म्हणू. काय झालं?"

त्याने नोक्वाझीकडे बघितलं. हे त्याने तिलाही सांगितलं नव्हतं, जबाबातही दिलं नव्हतं. त्याला हे सांगितल्याने शिक्षा वाढण्याची भीती नव्हती. हे तोंडातून काढवत नव्हतं इतकंच.

"तो गाडीत मागं होता," झुंगू म्हणाला. "मधल्या जाळीतून त्यानं मला विचारलं. आपल्या भाषेत. साहेबांना कळू नये म्हणून हळू. म्हणाला, दादा, मला कुठं नेताय?"

"मग?"

"मी म्हटलं, घाबरू नकोस. घरी नेतोय तुला."

जंगलात वारा नव्हता. नोक्वाझीने तोंडावर हात ठेवला.

"त्याला खरं वाटलं?" माखोझाने विचारलं.

"हो. निवांत बसला मग. रडत होता, तो थांबला. म्हणाला, आईला सांगायला हवं, ती जेवायची थांबली असेल." झुंगूने खालच्या सुया मुठीत आवळल्या. "उतरवला तेव्हा त्यानं इकडंतिकडं बघितलं. मग माझ्याकडं बघून म्हणाला, दादा, हे आमचं घर नाही."

 माखोझाने फांदी पुन्हा नीट धरली, जमिनीकडे तोंड केलं आणि म्हणाली, "खेथानी." पुढे बोलायला तिचे ओठ उघडले, आणि मिटले. तिने पुन्हा सुरुवात केली. "खेथानी, बाळा, घाबरू..." आणि थांबली. असं तीनदा झालं.

"पोरी," ती नोक्वाझीला म्हणाली, "आता काय म्हणून बोलावू मी त्याला? न्यायला जातात तेव्हा एवढंच म्हणतात. माझ्या आईनं माझ्या भावाला असंच आणलं, तिच्या आईनं तिच्या बापाला. हेच म्हणतात. आमच्यात दुसरं काही म्हणत नाहीत."

नोक्वाझी शिकलेली होती, चार भाषा बोलायची. तिला एक शब्द सुचला नाही.

माखोझा झुंगूकडे वळली. "तू सांग. तुला ठाऊक असेल. यानं ऐकलं आणि तो उठून आला, असं एखादं."

"नाही ठाऊक, आई."

तिने मान हलवली. फांदी तिने दोन झाडांच्या मधे हलकेच खाली ठेवली, काटे पायात येऊ नयेत म्हणून बाजूला सरकवली, आणि नोक्वाझीचा दंड धरून उतार उतरू लागली. झुंगूला दोघा पोलिसांनी काखेत धरून उठवलं आणि मागच्या गाडीत बसवलं. पुढच्या गाडीत माखोझाला पुढे बसवलं. ड्रायव्हरला सूचना होती, तो तोंड घट्ट मिटून समोर बघत होता.

गाडी जंगलाबाहेर पडून डांबरी रस्त्याला लागली तेव्हा माखोझाने खांद्यावरची शाल ओढून घेतली.

"काच वर घे रे," ती म्हणाली. "थंडी वाजतेय."

ड्रायव्हरने घाबरून आरशातून नोक्वाझीकडे बघितलं. नोक्वाझीने मागून हात लांबवून काच वर केली, आणि मग माखोझा घर येईपर्यंत ड्रायव्हरला त्याचं गाव कुठलं, आई आहे का, भाऊ किती, असं काहीबाही विचारत राहिली.